वीज आली, अर्थिंग राहून गेलं

मागच्या जूनमधली गोष्ट. मृग लागून दोन-चार दिवस झाले होते. हेमलकसाजवळच्या एका टोल्यावर माझा एक माडिया मित्र राहतो. घरालाच लागून त्याचं लहानसं किराणा दुकान आहे. संध्याकाळी त्याच्या घरामागच्या मोहाच्या झाडावर वीज पडली. झाड घरापासून तीस-चाळीस पावलांवर. बुंध्याची साल वरपासून खालपर्यंत सोलून निघाली. माणसं वाचली, बकऱ्या वाचल्या. गावाची लाईन गेली ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली.

लाईन आली तेव्हा एका खोलीतला बल्ब लागला, दुसरीतला लागला नाही. टीव्ही गेला होता. फ्रिज चालू होता. "चला, टीव्हीवर निभावलं," असं म्हणून सगळे झोपले.

तिसऱ्या दिवशी वहिनी ओले कपडे वाळत घालायला गेल्या आणि हाताला झिणझिण्या आल्या म्हणून मागे सरकल्या. तार लोखंडी होती. तिचं एक टोक छपराच्या पाईपाला बांधलेलं आणि पाईपावर पत्रे. मित्राला वाटलं, परवाच्या धक्क्यानं अंगात काही राहिलं असेल. नशीब एवढंच, की त्याच दिवशी आलापल्लीहून एसटीनं आमचे वायरमन काका आले होते, टीव्ही बघायला. त्यांनी तारेला टेस्टर लावला आणि पहिलं वाक्य बोलले, "मेन बंद कर आधी. ईज अजून घरातच हाये."

त्या घरात पुढे काय सापडलं ते सांगतो. पण वीज घरात शिरते आणि बाहेर जायला तिला वाटच मिळत नाही, ही अडचण त्या एका टोल्याची नाही. तिला पावणेतीनशे वर्षांचा इतिहास आहे. तो समजला की आपल्या घरातला बोर्ड वेगळा दिसायला लागतो. म्हणून ही पोस्ट जरा लांब आहे.

एकच शब्द

आपल्या भाषेत ढगातली ती वीज आणि बोर्डातली तीही वीज. विदर्भात ढगातलीला ईज म्हणतात आणि घरातलीला लाईन. आमच्या भागात पहिली कायमचीच आहे. दुसरी आली ती काल-परवा.

पहिलीबद्दल समजुती भरपूर. पायाळू माणसावर वीज पडते, हे महाराष्ट्रभर ऐकायला मिळतं. मध्य भारतात बऱ्याच ठिकाणी वीज पडलेल्या माणसाला शेणात गळ्यापर्यंत पुरतात आणि त्यात दवाखान्यात नेण्याची मोलाची वेळ जाते. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. त्याला लगेच हात लावता येतो. श्वास आणि नाडी थांबली असेल तर छाती दाबणं तिथल्या तिथं सुरू करायचं असतं. हे एवढं वाक्य लक्षात राहिलं तरी पोस्ट कामाची झाली.

पण घरातल्या तारांवर चालत असलेला करंट मात्र माणसाला धरून ठेवतो. तिथं आधी मेन बंद, मग हात. दोन विजांचे दोन नियम आहेत आणि शब्द एक असल्यानं ते आपल्या डोक्यात एकमेकांत मिसळतात.

१७५३ : एका सळईची दोन टोकं

१७५२ मध्ये अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिननं ढगातली वीज आणि प्रयोगशाळेतली वीज एकच असल्याचं दाखवलं. पतंगाची गोष्ट आपण शाळेत वाचली आहे. पुढच्याच वर्षी आपल्या पंचांगवजा वार्षिकात त्यानं घर वाचवायचा उपाय छापला. लोखंडी सळई घ्या, एक टोक घराच्या सगळ्यात उंच भागापेक्षा सहा-आठ फूट वर ठेवा आणि दुसरं टोक तीन-चार फूट ओल्या जमिनीत जाऊ द्या. ओल्या जमिनीत, हे त्यानं मुद्दाम लिहिलं होतं.

त्याच वर्षी, म्हणजे १७५३ च्या ऑगस्टमध्ये, रशियात सेंट पीटर्सबर्गला गेऑर्ग रिखमान नावाचा प्राध्यापक हाच प्रयोग करत होता. त्याला विजेचं मोजमाप घ्यायचं होतं. छपरावर सळई उभारून तिची तार त्यानं घरात आणली आणि मोजायच्या उपकरणाशी जोडली. मोजायचं म्हणून ती तार जमिनीत सोडली नव्हती. वादळ आलं तसा तो उपकरणाजवळ गेला आणि विजेनं त्याच्या कपाळावर उडी घेतली. तो जागीच गेला. शेजारी उभा असलेला खोदचित्रकार सोकोलोव्ह खाली पडला, पण वाचला.

फ्रँकलिनची सळई आणि रिखमानची सळई यांत वरच्या टोकाचा फरक नव्हता. फरक खालच्या टोकाचा होता.

आता आपल्या घराकडे बघा. खांबावरून सर्व्हिस वायर येते, भिंतीतून आत शिरते, मीटर, मेन, बोर्ड. उघड्या शेतातून, जंगलातून मैलोगणती आलेल्या तारेचं शेवटचं टोक आपल्या उशाशी आहे. जमिनीत जाणारी तार कुठे आहे? बहुतेक घरांत नाही. म्हणजे आपण रिखमानचं घर बांधून त्यात राहतो.

तारेबरोबर वीज चालत येते

लांब तारेचा हा धोका आपल्या देशात पहिल्यांदा तार खात्याला कळला. १८५० च्या दशकात कंपनी सरकारच्या नोकरीतल्या ओशॉनेसी नावाच्या डॉक्टरनं कलकत्त्यापासून तारा ओढायला सुरुवात केली. काही वर्षांत मुंबई, आग्रा, मद्रास जोडले गेले. तार लांब झाली तशी कुठंतरी दूर पडलेली वीज तारेवरून चालत कचेरीत यायला लागली. म्हणून कचेरीत यंत्राच्या आधी वीजरोधक आणि त्यातून जमिनीत जाणारी जोडणी, ही पद्धत पडली. यंत्र महाग होतं, माणूस शिकवलेला होता, संदेश सरकारी होता. तिथं अर्थिंग विसरलं गेलं नाही.

यातून एक धडा घ्यायचा. वीज घरावर पडावी लागत नाही. ती तारेवर किंवा तारेजवळ पडली तरी तार तिला घरी आणते. शिवाय ती जमिनीतूनही येते. झाडावर पडलेली वीज मुळांशी पसरते आणि आसपासच्या जमिनीत पावला-पावलाला व्होल्टेज बदलतं. झाडाखाली बसलेला माणूस वाचतो आणि उभा बैल मरतो, असं घडतं त्याचं एक कारण हे आहे. बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त असतं आणि करंट छातीतून जातो.

अंधारातलं हेमलकसा

२३ डिसेंबर १९७३ ला बाबा आमटेंनी हेमलकसाला लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे इथं राहायला आले. तेव्हा गडचिरोली जिल्हाही नव्हता, सगळा चांदा. जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. आलापल्लीपासून भामरागडपर्यंतचे ६०-६५ किलोमीटर म्हणजे जंगल, नाले आणि पावसाळ्यात बंद रस्ता. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा भामरागडला भेटतात. पर्लकोटेला पूर आला की अलीकडचं हेमलकसा आणि पलीकडचं भामरागड एकमेकांना दिसत, पण भेटत नसत.

वीज नव्हती. पुढची कितीतरी वर्षं नव्हती. कंदिलाच्या उजेडात बाळंतपणं झाली, जखमा शिवल्या गेल्या. डॉक्टरांच्या आत्मकथनाचं नाव 'प्रकाशवाटा' आहे, ते उगाच नाही.

याच काळात शेजारी काय चाललं होतं? १९८० च्या दशकात चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राचे संच एकामागून एक सुरू झाले. आज त्याची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. कोळसा इथला, पाणी इथलं, राख इथली. १९९९ मध्ये चंद्रपूरहून थेट मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत ५०० केव्हीची डीसी लाईन सुरू झाली. सुमारे साडेसातशे किलोमीटर लांब, १,५०० मेगावॉट वाहून नेणारी.

अशा मोठ्या टॉवरखालून जाताना कधी वर बघितलंय? सगळ्यात वर, करंट नेणाऱ्या तारांच्याही वर, एक बारीक तार असते. तिच्यातून वीज जात नाही. ती आकाशातली वीज आपल्या अंगावर घेऊन टॉवरमधून जमिनीत सोडायला असते. ही छत्री आहे. आपल्या जंगलातून येणाऱ्या ११ केव्हीच्या लाईनवर अशी छत्री सहसा नसते. तिथं डीपीवर अरेस्टर असतात आणि त्यांची जमिनीत जाणारी पट्टी शाबूत असेल तरच ते काम करतात. पट्टी तुटली, गंजली किंवा भंगारात गेली की अरेस्टर नुसता दागिना. डीपीच्या पुढे तुमच्या घरापर्यंत तेवढंही नसतं.

गाव उजळलं म्हणजे काय

मी पत्रकारितेत आलो तेव्हा अमुक गावांचं विद्युतीकरण झालं, अशा बातम्या आम्ही प्रेसनोटवरून जशाच्या तशा छापायचो. विद्युतीकरण झालं म्हणजे नेमकं काय झालं, हे विचारायचं मला सुचलं नाही. पुढे सरकारी व्याख्या वाचल्या.

१९९७ पर्यंत गावाच्या महसुली हद्दीत कुठंही, कशाही कामासाठी वीज वापरली की गाव उजळलं. एका शेतावर पंप लागला तरी पुरे. १९९७ ला वस्तीत वीज हवी असं ठरलं. २००४ ला शाळा, पंचायत, दवाखाना यांसारख्या सार्वजनिक जागी वीज आणि किमान १० टक्के घरांत जोडणी, अशी अट आली. म्हणजे शंभरातली नव्वद घरं अंधारात असली तरी गाव कागदावर उजेडात.

घरापर्यंतच्या योजनाही आल्या. १९८८-८९ ची कुटीर ज्योती म्हणजे गरीब घरात एक बल्ब. २००५ ला राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजना आली. सप्टेंबर २०१७ ला सौभाग्य आली, त्यात मीटर, एका पॉइंटची वायरिंग आणि एलईडी बल्ब. जिथं लाईन पोचत नाही तिथं सौर संच. २८ एप्रिल २०१८ ला देशातल्या सगळ्या गावांत वीज पोचल्याचं जाहीर झालं.

या योजनांना नावं ठेवायची माझी इच्छा नाही. ज्यानं चिमणीच्या धुरात अभ्यास केलाय त्याला एका बल्बची किंमत विचारा. पण या सगळ्या व्याख्यांत मोजलं काय गेलं? खांब, जोडण्या, घरं. तार घरात पोचली का, एवढंच. ती घर सोडून जमिनीत गेली का, हे कोणत्याही व्याख्येनं विचारलं नाही.

गंमत म्हणजे नियम होता. भारतीय विद्युत नियम, १९५६, नियम क्रमांक ३३. ग्राहकाच्या घरी, वीज जिथं आत येते तिथं, हाताला येईल अशा जागी अर्थिंगचं टर्मिनल पुरवठादारानं द्यायचं आणि ते नीट ठेवायचं, असं त्यात लिहिलं आहे. पुढे २०१० ला केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे नवे सुरक्षा नियम आले, त्यांतही ही तरतूद राहिली. म्हणजे हेमलकसाला पहिला कंदील लागण्याच्या सतरा वर्षं आधीपासून हा हक्क कागदावर आहे. आपल्यापैकी किती जणांच्या मीटरपाशी असं टर्मिनल आहे? मी माझ्या घरी जाऊन बघितलं. नव्हतं.

त्या घरात काय सापडलं

आता पुन्हा त्या टोल्यावर.

काकांनी मेन बंद केल्यावर पहिल्यांदा काहीच उघडलं नाही. घराभोवती एक चक्कर मारली. खांब, सर्व्हिस वायर, मीटर, सगळं लांबून बघितलं. कुठं काळं पडलंय, कुठं वितळलंय, कुठं जळका वास. मीटरच्या सीलला हात लावला नाही. "मीटरपासून मागचं लाईनमनचं, पुढचं आपलं," एवढंच म्हणाले.

मग सगळे प्लग उपसून काढायला लावले. मित्र म्हणाला, बटन बंद आहेत की. काका म्हणाले, "बटन एकच तार तोडते. दुसरीतून आत जाते का नाही?" बरोबरच आहे. वादळ येताना नुसतं बटन बंद करून टीव्ही वाचत नाही. प्लग काढावा लागतो, आणि तोही वादळ दूर असताना. कडकडाट डोक्यावर आल्यावर बोर्डाजवळ जायचंच नाही.

पहिला बिघाड, न लागणारी खोली. तिथल्या सॉकेटमध्ये काकांनी क्षणभर लाईन देऊन टेस्टर लावला, तर दोन्ही भोकांत पेटला. मित्राला वाटलं, डबल करंट आला. तसं काही नसतं. न्यूट्रल कुठंतरी तुटलेला असतो आणि फेज बल्बातून, पंख्यातून फिरून दुसऱ्या तारेत येऊन उभा राहतो. म्हणून टेस्टर दोन्हीकडे पेटतो आणि बल्ब मात्र लागत नाही. छताजवळच्या डबीत पिळून टेप गुंडाळलेला जोड होता. टेप काढला तर आत कोळसा. विजेचा लोट जोडाच्या कच्च्या जागीच घर करतो. घट्ट कनेक्टरमध्ये बसवलेला जोड टिकतो, पिळलेला जळतो.

हाच न्यूट्रल घराच्या आत न तुटता गावच्या लाईनवर तुटला तर गोष्ट फार वाईट. मग एका घरात बल्ब डोळे दिपवतात, पंखा सुसाट सुटतो आणि शेजारच्या घरात सगळं मंद. २३० च्या जागी ४०० व्होल्टच्या जवळपास जाऊ शकतं. असं दिसलं की विचार करत बसायचं नाही. मेन बंद, शेजाऱ्याला हाक आणि लाईनमनला फोन.

दुसरा बिघाड, कपड्यांची तार. हा शोधायला दोन तास लागले. काकांनी सगळे बल्बही काढले आणि पिशवीतून हातानं फिरवायचा मेगर काढला. ५०० व्होल्ट देऊन तारेवरचं प्लास्टिक करंट अडवतं का, ते तो सांगतो. उपकरणं आणि एलईडी आधी काढावे लागतात, नाहीतर मेगरच त्यांना खातो. एक एक सर्किट सुटं करून हँडल फिरवलं. दुकानाकडे जाणाऱ्या तारेवर काटा जवळजवळ शून्यावर आला. चांगल्या वायरिंगला किमान एक मेगाओहम तरी दिसायला हवा.

ती तार छपराच्या पत्र्याला घासून गेली होती. हातात घेऊन बघितली तर टाचणी टोचावी एवढं एक भोक, कडेला तपकिरी डाग. घरातल्या वायरवर ११०० व्होल्ट छापलेलं असतं. विजेचा लोट त्याच्या कितीतरी पट असतो. त्यानं प्लास्टिक फोडून पत्र्यात उडी मारली आणि मागे एवढंसं भोक ठेवलं. कोरडं असताना त्यातून फारसं काही जात नव्हतं. दोन सरी पडल्या, भोक ओलं झालं, पत्रा जिवंत झाला. पत्र्याला पाईप, पाईपाला तार, तारेवर ओले कपडे, कपड्याला वहिनींचा हात.

फ्यूज का उडाला नाही, हा माझा प्रश्न होता. उत्तर सोपं आहे. फ्यूजची तार दहा अँपियरची होती. माणसाला मारायला अँपियरचा दहावा भागही पुरतो. फ्यूज तारेला वाचवतो, माणसाला वाचवायला तो बनलेलाच नाही.

मग काकांनी फ्रिजच्या तीन पिनी सॉकेटचं झाकण उघडून मला दाखवलं. वरच्या मोठ्या भोकामागे तारच नव्हती. बाहेरून बघितलं तर अर्थिंग आहे असं वाटतं. आत काही नाही. वायरिंग कुणी केली होती, हा प्रश्न इथं गैरलागू आहे. तुमच्या-माझ्याही घरचं झाकण उघडलं तर काय निघेल, सांगता येत नाही.

कोणतं यंत्र काय करतं

काकांनी दुसऱ्या दिवशी खड्डा खणायला लावला. अडीच मीटरचा जीआय पाईप उभा घालायचा होता, पण मुरमाखाली चार फुटांवर खडक लागला. मग आडवी चर खणून जीआयची पट्टी पुरली, कोळसा-मीठ टाकलं आणि न्हाणीचं पाणी तिकडे वळवलं. जमीन ओली राहिली पाहिजे. फ्रँकलिन १७५३ ला हेच सांगत होता.

पण खड्ड्यानं काम संपत नाही. समजा आपल्या मुरमाड जमिनीत अर्थिंगचा रोध २० ओहम आहे. फेज त्याला लागला तर २३० भागिले २०, म्हणजे साधारण साडेअकरा अँपियर. १६ अँपियरची एमसीबी यानं पडणारच नाही. म्हणून सोबत आरसीसीबी हवी. जाणारा आणि परत येणारा करंट ती सतत ताडून बघते आणि ३० मिलिअँपियरचा फरक पडला की लाईन तोडते. या कल्पनेला १९५० च्या दशकात जोर आला, दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींतही तेव्हा ती आजमावली गेली. खाणीतल्या ओल्या अंधारात मजूर मरत होते. आपल्या पावसाळ्यातल्या पत्र्याच्या घराची अवस्था फार वेगळी नाही.

दुकानदार यांतलं एक विकतो आणि गिऱ्हाईक सगळ्यासाठी निश्चिंत होतं, म्हणून सरळ सांगतो. एमसीबी जास्त करंटवर पडते, पण तिला काही मिलिसेकंद लागतात. आकाशातली वीज त्याच्या कितीतरी आधी येऊन गेलेली असते. तिचा झटका साधारण ३० हजार अँपियरचा असतो आणि मायक्रोसेकंदांत शिखर गाठतो. आरसीसीबी माणसाला धक्क्यापासून वाचवते, टीव्हीला विजेपासून नाही. उपकरणांसाठी सर्ज अरेस्टर, म्हणजे एसपीडी, वेगळा लावावा लागतो. तो जादा व्होल्टेज जमिनीत ढकलतो. आणि जमिनीत जायला तार नसेल तर तोही नुसता दागिना, डीपीवरच्या अरेस्टरसारखाच. घरावरच थेट वीज पडली तर यांतलं काहीही एकटं पुरत नाही. तिथं छपरावरची सळई आणि तिची स्वतंत्र वाट लागते.

खर्च? अर्थिंग, आरसीसीबी आणि बदललेली वायर मिळून साध्या स्मार्टफोनच्या किमतीच्या आत झालं. टीव्ही काही परत आला नाही.

दोन रकाने

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अपघाती मृत्यूंच्या अहवालात दोन वेगळे रकाने असतात. एक आकाशातली वीज पडून झालेल्या मृत्यूंचा. देशात दरवर्षी दोन हजारांहून जास्त. दुसरा विजेच्या धक्क्याचा. दरवर्षी दहा हजारांहून जास्त. आपल्या राज्यात वीज पडून माणूस गेला तर वारसांना चार लाखांची मदत मिळते, पंचनामा होतो, तलाठी येतो.

आता विचार करा. त्या दिवशी वहिनींना काही झालं असतं तर ते कोणत्या रकान्यात गेलं असतं? वीज पडली दोन दिवस आधी, झाडावर. त्या गेल्या असत्या कपड्याच्या तारेवर. नोंद झाली असती घरगुती विजेचा धक्का, स्वतःचाच निष्काळजीपणा. मोहाच्या झाडाशी त्याचा संबंध कुणीही लावला नसता. मीही नसता लावला. दोन ओळींची बातमी करून मोकळा झालो असतो. इतक्या वर्षांत अशा किती दोन ओळी मी लिहिल्या असतील, हा विचार त्या रात्री माझ्या डोक्यातून गेला नाही.

म्हणून दोन मागण्या, दोन्ही साध्या.

पहिली घरातली. गावात किंवा घराजवळ वीज पडली असेल, तर लाईट लागला म्हणून सगळं ठीक आहे असं समजू नका. जाणत्या, परवानाधारक वायरमनला बोलवून वायरिंग मेगरनं तपासून घ्या. तोवर कपड्याची लोखंडी तार सोडून नायलॉनची दोरी बांधा. हे आजच करता येतं, दहा-वीस रुपयांत. झिणझिणी हा इशारा असतो, तिच्यावर हसू नका. बोर्ड स्वतः उघडू नका.

दुसरी गावातली. आपल्या भागात ग्रामसभेला अधिकार आहेत आणि आपण ते वापरतो, तेंदूपासून बांबूपर्यंत. पुढच्या ग्रामसभेत एक विषय टाका. गावच्या डीपीची अर्थिंग पावसाळ्यापूर्वी तपासली जावी, अरेस्टरची पट्टी जागेवर आहे का ते बघितलं जावं आणि प्रत्येक मीटरपाशी नियमात लिहिलेलं अर्थिंगचं टर्मिनल मिळावं. शाळा, अंगणवाडी आणि आरोग्य उपकेंद्र यांच्यापासून सुरुवात करा. ठराव लेखी द्या, पोच घ्या. १९५६ पासूनचा नियम आहे, कुणाकडे मेहेरबानी मागायची नाही.

मित्राच्या घरी परवा गेलो होतो. वहिनींनी कपडे निळ्या दोरीवर वाळत घातले होते. न्हाणीचं पाणी चरीत मुरत होतं आणि त्या ओलीवर अळूची पानं माजली होती. मोहाचं झाड अर्धं वाळलं आहे, अर्धं हिरवं आहे. मित्र म्हणाला, यंदा फुलं येतात का बघू.

तुमच्या घरच्या तीन पिनी सॉकेटच्या मोठ्या भोकामागे तार आहे का? वायरमनकडून बघून घ्या आणि काय निघालं ते खाली लिहा. गावाचं नाव लिहिलंत तर बरं, एकत्र यादी करून पुढे पाठवता येईल.